गांधारीचा घाव आणि सुनीतीची शिकवण

गेल्या गणेशोत्सवात आपल्या सभामंडपात बालांची अथर्वशीर्ष-पठणाची स्पर्धा झाली. सात-आठ वर्षांचा एक मुलगा मध्येच अडखळला, क्षणभर थांबला आणि त्याने आईकडे पाहिले. आईची दृष्टी मात्र त्याच्याकडे नव्हती. शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका मातेच्या कन्येने नुकतेच अस्खलित पठण केले होते. ती त्या मातेच्या मुखाकडे पाहत होती. तो प्रसंग मनातून जात नाही. म्हणून महाभारताच्या आदिपर्वातील एका कथेचा आज आपण विचार करू.

क्षुधेने व श्रमाने व्याकुळ होऊन आलेल्या व्यासमहर्षींची गांधारीने सेवा केली आणि शंभर पुत्रांचे वरदान मिळविले. यथाकाल ती गर्भवती झाली. परंतु दोन वर्षे लोटली तरी प्रसूती होईना. अशात वार्ता आली की, कुंतीला सूर्यासारखा तेजस्वी पुत्र झाला. गांधारीला दुःख अनावर झाले. धृतराष्ट्राला कळू न देता तिने स्वतःच्याच उदरावर आघात केला आणि लोखंडासारखा कठीण असा मांसाचा गोळा बाहेर पडला.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, कुंतीने गांधारीचे काहीच हिरावून घेतले नव्हते. शंभर पुत्रांचे वरदान गांधारीच्या पदरात तसेच होते. दुसऱ्याच्या घरी एक पाळणा हलला आणि तिला आपले शंभर दिसेनासे झाले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मत्सर कुंतीविषयी होता, परंतु घाव कुंतीवर पडला नाही. तो पडला आपल्याच गर्भावर. षड्रिपूंमध्ये मत्सर शेवटी गणला जातो. तथापि आईबापांच्या मनात तो शिरतो तेव्हा त्याचा पहिला बळी स्वतःचेच लेकरू असते.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या वसलेल्या लहान समाजात तर हा रिपू फार लवकर जागा होतो. येथे सर्व घरे परस्परांना ठाऊक. निकालाच्या दिवशी कोणाला किती गुण मिळाले हे दुपारच्या नैवेद्याआधी भ्रमणध्वनीवरून सर्वांना कळते. कोणाचा मुलगा पुण्यास गेला, कोणाच्या मुलीला शुद्ध मराठी वाचता येते, कोणाच्या घरी शुभंकरोति होते, याचा हिशेब प्रत्येकाच्या मनात तयार असतो.

मी स्वतः अद्याप गृहस्थाश्रमी नाही. तेव्हा पालकांस उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. परंतु पुत्र म्हणून या गोष्टीची दुसरी बाजू मी अनुभवली आहे. आमच्या एका आप्तांचा मुलगा वेदपाठशाळेत गेला, दुसऱ्यांचा अभियंता झाला. मी शालान्त परीक्षेपलीकडे गेलो नाही. वडील देवळातून घरी आले की जेवताना त्या दोघांची नावे निघत आणि माझा घास घशात अडके. मी त्यांना नकोसा आहे, असेच मी धरून चाललो होतो. एके रात्री शेजारती झाल्यावर समईची वात सारखी करीत ते हळूच म्हणाले, "लोक विचारतात, भटजी, मुलाला काय शिकवलंत? मला उत्तर सुचत नाही रे." तेव्हा मला उमगले की, इतकी वर्षे तराजूच्या पारड्यात वडील स्वतःलाच तोलीत होते, मी केवळ वजन होतो. माझा राग त्या रात्री गेला. मात्र अबोल्यात गेलेली वर्षे आम्हां दोघांनाही परत मिळाली नाहीत.

गांधारीची थोरवी अशी की, व्यासमहर्षी आले तेव्हा तिने काहीही लपविले नाही. कुंतीच्या पुत्राची वार्ता ऐकून दुःखाने मी हे केले, असे तिने स्पष्ट सांगितले. व्यासांनीही तिची निर्भर्त्सना केली नाही. त्यांनी त्या गोळ्यावर शीतल जल शिंपडविले, त्याचे एकशे एक भाग झाले, ते तुपाने भरलेल्या कुंडांत सुरक्षित ठेवविले आणि पुन्हा तितकाच काळ लोटल्यावर ती कुंडे उघडावीत, असे सांगितले. उपाय हाच आहे: आधी स्वतःशी कबुली, मग शीतलता, स्निग्धता आणि काळ. कुंड वेळेपूर्वी उघडून पाहू नये.

तरीही पहिल्या कुंडातून जो जन्मला तो दुर्योधन. पांडवांचे इंद्रप्रस्थातील वैभव पाहून तो जळत राहिला. त्याचे कारण आईचा तो घाव होय, असे ग्रंथ म्हणत नाही. परंतु आईने जे दुःख एकदा भोगले तेच पुत्राने जन्मभर भोगले, हे वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

याच्या उलट भागवताच्या चतुर्थ स्कंधातील सुनीती पाहा. सुरुचीच्या कठोर शब्दांनी दुखावलेला पाच वर्षांचा ध्रुव हुंदके देत तिच्याकडे आला. सवतीचे सुख आणि स्वतःची उपेक्षा तिला रोजच दिसत होती. तीही रडली, दुःख तिने लपविले नाही. परंतु उत्तमाहून तू सरस हो, असे ती म्हणाली नाही. दुसऱ्याचे अमंगल चिंतू नकोस, हरीला शरण जा, एवढेच तिने सांगितले. तिने मुलाला उत्तमाकडे पाहावयास लावले नाही. वर पाहावयास लावले.

दुसऱ्या घरातील चांगली रीत पाहून ती शिकणे हा दोष नव्हे. ती रीत घरी आणावी. त्या घरातील मुलाचे नाव आणू नये. या महिन्यात आपण एवढाच नेम करून पाहू: रात्री देवापुढे दिवा लावल्यावर आपल्या अपत्याचा त्या दिवशी दिसलेला एक गुण त्याच्यासमक्ष उच्चारावा आणि त्या वाक्यात दुसऱ्या कोणाचेही नाव येऊ देऊ नये.

सभामंडपात अडखळलेले बालक पुढल्या वर्षी पुन्हा उभे राहील. ते आईकडे पाहील तेव्हा आईची दृष्टी त्याच्यावरच असो, हीच श्रीचरणी प्रार्थना.