मोडीत आलेले जुने नाणे

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी ओळखले जाते. स्टीलने हा धंदा मागे ढकलला, तरी मोडीत तांबे-पितळ घेणारा दुकानदार आजही रंगावरून व आवाजावरून धातू सांगतो. हीच पारख जुन्या नाण्यांना लागते.

रोमन नाण्यांचेच पाहा. त्यांना सरसकट कांस्य नाणी म्हणतात. परंतु कांसे म्हणजे तांबे व कथील, तर पितळ म्हणजे तांबे व जस्त. ऑगस्टस बादशहाने इ.स.पूर्व २३च्या सुमारास चलनाची घडी बसविली, तेव्हा 'सेस्टर्शियस' हे नाणे पितळेचे ठरले आणि 'अस' तांब्याचे. चार असांचा एक सेस्टर्शियस, चार सेस्टर्शियसचा एक चांदीचा दिनारियस. (अरबी 'दीनार' त्यावरूनच आला.)

सेस्टर्शियस सुमारे २५ ग्रॅमचा व चांगला रुंद असे. त्यामुळे चित्राला जागा मिळे. रोमचे धान्य समुद्रमार्गे येई, म्हणून इ.स. ६४च्या सुमारास नीरोने ऑस्टियाचे बंदर आतल्या गलबतांसह नाण्यावर काढले. इ.स. ७०मध्ये जेरुसलेम (बैतुल मुकद्दस) पडले. पुढच्याच वर्षी व्हेस्पासियनच्या नाण्यावर खजुराच्या झाडाखाली शोक करणारी स्त्री आली. बाजारात सुटे पैसे घेणाऱ्या निरक्षर माणसालाही विजय कळला!

आपल्याकडे गौतमीपुत्र सातकर्णीने याहून स्वस्त युक्ती केली. पराभूत नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवरच स्वतःचा ठसा मारला. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६मध्ये तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक अशी दुबार ठशाची होती.

विदर्भात सातवाहनांची नाणी बहुधा पोटीनची, म्हणजे तांबे, शिसे व कथील यांच्या मिश्रणाची. तऱ्हाळा येथे १९३९मध्ये अशी सुमारे दीड हजार नाणी मिळाली. दिसायला ती काळपट व ओबडधोबड असतात, आणि धोका तेथेच आहे. पवनीला १९६९-७०च्या उत्खननात स्तूप निघाले. अशा जुन्या वस्तीच्या मातीतले नाणे तराजूत पडले, तर भंगाराच्या भावाने भट्टीत जाते.

तेव्हा व्यापारी बंधूंनी असे नाणे चिंच किंवा तेजाबाने घासू नये. वरचा हिरवट थर गेला की अक्षरेही जातात. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरील ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८च्या कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा धंदा करायचा, तर १९७२च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. खासगी व्यक्तीला अशा वस्तू परदेशी धाडता येत नाहीत.