माळावरचे गवत किती चरावे?

सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील एखादा माळ आश्विन महिन्यात पाहा. कुंपणाच्या आत मारवेल आणि पवन्या ही गवते गुडघाभर वाढलेली दिसतात. बाहेर, जेथे गुरे रोज फिरतात, तेथे खुरटे गवत, कुसळी आणि मधूनमधून तरवडाची झुडपे. माती तीच, पाऊसही तेवढाच. मग हा फरक कशामुळे पडतो?

गवताचे पाते टोकाकडून नव्हे, तर बुडाकडून वाढते. त्यामुळे गाईने वरचा भाग खाल्ला तरी पाते पुन्हा वर येते. पण त्यासाठी लागणारे अन्न उरलेल्या हिरव्या पानांनीच तयार करावयाचे असते. पाने फारच थोडी उरली, तर मुळांच्या वाट्याला काय येणार? फ्रँकलिन क्रायडर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी गवते निरनिराळ्या प्रमाणात कापून मुळांची वाढ तपासली. १९५५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४० टक्के पाने कापली तरी मुळे वाढत राहिली. ८० टक्के कापल्यावर मात्र त्यांची वाढ सुमारे १२ दिवस थांबली. कोरडवाहू माळावर ओल खोल जाते आणि आखूड मुळांचे गवत उन्हाळ्यात मरते.

दुसरे कारण जनावरांच्या आवडीनिवडीचे. मारवेल आणि पवन्या आधी खाल्ले जातात. कुसळी कोवळी असेपर्यंतच चालते. पुढे तिची कुसळे तोंडात रुततात. तरवडाला तर गुरे सहसा तोंड लावत नाहीत. जे खाल्ले जात नाही त्याला ऊन, पाणी आणि जागा अधिक मिळते, त्याचेच बी पडते. म्हणजे माळ हिरवा दिसतो खरा, पण त्यावरील वनस्पती बदललेल्या असतात.

मग चराई अजिबात बंद करावी काय? तसेही नाही. न चरलेल्या गवताचा वाळलेला थर साचत जातो. त्याखाली ऊन पोहोचत नाही आणि लहान वनस्पती मागे पडतात. तेव्हा प्रश्न गुरे असावीत की नसावीत हा नाही. ती किती, केव्हा आणि किती विश्रांतीनंतर, हा आहे. मेंढपाळ कळप घेऊन पुढे जातो तेव्हा मागच्या माळाला विश्रांती मिळते. चराऊ राने कमी झाली की तेच कळप उरलेल्या माळावर पुन्हापुन्हा येतात. अशा वेळी सारा दोष शेळ्यामेंढ्यांवर टाकणे योग्य ठरेल का?

करून पाहा

चार मीटर दोरीचा एक चौरस करा. पावसाळा संपताना तो कुंपणाच्या आत पाच ठिकाणी आणि बाहेर पाच ठिकाणी ठेवा. प्रत्येक वेळी वनस्पतींचे किती प्रकार दिसतात, गवताची उंची किती आहे आणि उघडी जमीन अंदाजे किती आहे, हे वहीत लिहा. नाव माहीत नसेल तर पानाचे चित्र काढा व गावातील गुराख्याला विचारा. हीच नोंद दर वर्षी त्याच जागी करा. तीन-चार वर्षांत तुमच्या माळाचा इतिहास तुमच्याच वहीत तयार होईल.