निषिद्ध प्रेम आणि श्रद्धा : थेक्लेच्या कथेचा रचनाविचार

आरंभीच्या ख्रिस्ती वाङ्मयातील ‘पौल व थेक्ला यांची कृत्ये’ ही दुसऱ्या शतकातील ग्रीक कथा बहुधा संतचरित्र म्हणून वाचली जाते. तथापि तिची घडण ग्रीक प्रणयकथेची आहे, हे ध्यानी घेतल्यावाचून तिच्यातील संघर्षाचे स्वरूप उलगडत नाही.

खारितोनच्या ‘कॅलिऱ्होई’सारख्या प्रणयकथेत ताटातूट, संकटपरंपरा आणि पुनर्मीलन असा क्रम असतो, अखेरीस दांपत्यजीवन पुन्हा प्रस्थापित होते. थेक्लेच्या कथेत याच सामग्रीची उलट मांडणी आढळते. थामिरिसशी वाङ्निश्चय झालेली इकुन्य नगरीतील थेक्ला तीन दिवस, तीन रात्री खिडकीशी बसून पौलाचे प्रवचन ऐकते. तिचे अन्नपाणी सुटते. कारागृहात त्याला भेटण्यासाठी ती द्वारपालाला कंकणे आणि तुरुंगाधिकाऱ्याला रुप्याचा आरसा देते. पौलाच्या बेड्यांचे चुंबन घेते. ही लक्षणे विरहिणीची आहेत; आशय मात्र ब्रह्मचर्यव्रताचा आहे. शृंगाराची साधनेच येथे विवाहत्यागाचे मोल ठरतात.

म्हणूनच येथे निषिद्ध ठरतो तो प्रियकर नव्हे, तर विवाहास दिलेला नकार. प्रांताधिपतीसमोर तिला जाळण्याची मागणी तिची आई थिओक्लियाच करते. विवाह ही तत्कालीन राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने खासगी बाब नव्हती. ऑगस्टसने इ. स. पूर्व १८ आणि इ. स. ९ मधील कायद्यांनी अविवाहित रोमन नागरिकांवर निर्बंध लादले होते. इकुन्यातील कथा त्या कायद्यांच्या कक्षेत येत नाही. परंतु कुटुंब हाच राज्याचा आधार, ही धारणा दोहोंत समान आहे.

अंत्युखियात श्वापदांपुढे टाकलेली थेक्ला स्वतःच स्वतःचा बाप्तिस्मा करून घेते. पुढे पौलाची भेट होते; पण तिची परिणती विवाहात न होता उपदेशाच्या अधिकारात होते. प्रणयकथेचा साचा मोडतो तो नेमका येथे.

या परिणतीचे गांभीर्य इ. स. २०० च्या सुमारास टर्टुलियनने जाणले होते. थेक्लेच्या आधारे स्त्रिया शिकविण्याचा व बाप्तिस्मा देण्याचा अधिकार सांगतात, हा त्याचा आक्षेप. पौलावरील प्रेमापोटी आपण हे लिहिले, अशी कबुली देणाऱ्या आशियातील धर्मगुरूला पदत्याग करावा लागला, असे तो नमूद करतो. कथेतील निषिद्ध प्रेमाचा प्रश्न अशा रीतीने स्त्रीच्या वाणीच्या अधिकाराचा प्रश्न ठरतो. आणि तिला विरोध करणारे आता केवळ साम्राज्य उरत नाही.