एका पत्रातील प्रश्न

विज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोध आणि शोधकांची नावे म्हणून पाठ करतो. परंतु प्रत्येक शोधामागे एक प्रश्न असतो. असा एक प्रश्न पत्रातून कसा विचारला गेला आणि त्याचे उत्तर मिळण्यास किती वर्षे लागली, याची हकीकत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१४ ऑक्टोबर १९१३ रोजी अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी झ्यूरिचहून अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेचे संचालक जॉर्ज एलरी हेल यांना पत्र लिहिले. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा किरण ०.८४ विकला वाकावा, असे त्यांचे गणित होते. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. सूर्यालगतचे तारे दिवसा दिसू शकतील काय, असे त्यांनी विचारले. दिवसा ते शक्य नाही, खग्रास ग्रहणातच पाहावे लागेल, असे हेल यांनी ८ नोव्हेंबरला कळविले.

२१ ऑगस्ट १९१४ रोजी रशियात असे ग्रहण होते. जर्मनीचे एर्विन फ्रॉइंडलिश वेध घेण्यासाठी क्रिमियात गेले. पण महायुद्ध पेटले आणि शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना अटक झाली. कीव्हजवळ गेलेल्या अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या पथकाला ढगांनी काही दिसू दिले नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९१५ च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइन यांनी आपले गणित सुधारले, तेव्हा आकडा दुप्पट, म्हणजे सुमारे १.७ विकला निघाला. १९१४ चे वेध अचूक साधले असते, तर त्यांचा पहिला आकडा चुकीचा ठरला असता.

युद्धामुळे जर्मनी व इंग्लंड यांच्या विद्वानांतील दळणवळण तुटले होते. तेव्हा तटस्थ हॉलंडमधील विलेम द सिटर यांनी १९१६ मध्ये पत्रे व लेख पाठवून हा सिद्धान्त इंग्लंडमधील आर्थर एडिंग्टन यांच्यापर्यंत पोहोचविला. एडिंग्टन युद्धविरोधी होते. शत्रूराष्ट्रातील विद्वानाचा विचार म्हणून त्यांनी तो बाजूला सारला नाही, तपासून पाहिला.

२९ मे १९१९ च्या ग्रहणात आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर व ब्राझीलमधील सोब्राल येथे छायाचित्रे घेण्यात आली. ६ नोव्हेंबरला लंडनमध्ये निष्कर्ष जाहीर झाले : अनुक्रमे १.६१ आणि १.९८ विकला. पुढे १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियात लिक वेधशाळेच्याच पथकाने त्यास दुजोरा दिला.

माहीत नसलेले विचारावे, आपलेच गणित पुन्हा तपासावे आणि सत्य कोणाच्या देशातून आले हे न पाहता ते पारखून घ्यावे, एवढा बोध आपण यातून घेतला तरी पुष्कळ झाले, असे आम्हांस वाटते.