रांजणातील डास : एक निरीक्षणपाठ

(इयत्ता चौथी व पाचवी. विषय : आरोग्य व परिसर. अवधी : दोन तासिका व पुढील एक आठवडा)

पाठाचा हेतू : डेंग्यू व चिकुनगुन्या हे विषाणुजन्य ताप पसरविणारा डास कोठे वाढतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावे व आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी घासण्याची सवय त्यांच्या अंगी बाणावी.

विषयप्रवेश

‘डास घाण पाण्यात होतात’ हे वाक्य मुलांस तोंडपाठ असते. गोदाकाठच्या गंगाखेडात डासांचा विषय निघाला की बोट नदीकाठच्या डबक्याकडे अथवा तुंबलेल्या गटाराकडे वळते. गटारात वाढणारा क्यूलेक्स डास हत्तीरोग पसरवितो, हे खरे. परंतु डेंग्यू व चिकुनगुन्या यांचा वाहक असलेला एडिस इजिप्ती हा डास गटार पसंत करीत नाही. रांजण, हौद, सिमेंटची टाकी, कूलर, अंगणात पडलेला जुना टायर यांतील साचलेले स्वच्छ पाणी त्यास प्रिय असते. सारांश, ज्या घरात पाणी जपून साठविले जाते, तेथेच त्याचा पाळणा हलतो.

हे संकट आपल्या प्रदेशास नवे नाही. सन १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर सुमारे ३२ वर्षे हा रोग देशात जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये मराठवाड्यासह देशाच्या अनेक भागांत पुन्हा उसळला. ‘चिकुनगुन्या’ हा शब्द आफ्रिकेतील माकोंडे लोकांच्या भाषेतील असून सांधेदुखीने माणूस वाकून जातो, असा त्याचा भाव आहे. अशा विषाणूंचा अभ्यास पुणे येथे १९५२ साली स्थापन झालेल्या संस्थेत होत असून ती आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

डासाची वागणूक

रोग आवरावयाचा तर प्रथम डासाच्या सवयी जाणल्या पाहिजेत. संशोधनातून पुढील गोष्टी सिद्ध झाल्या आहेत.

१. फक्त मादी चावते. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड, अंगाची ऊब व घामाचा वास यांवरून ती माणूस शोधते.

२. ती दिवसा चावते; विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी. म्हणून केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही. दिवसा निजणारे तान्हे मूल व तापाचा रोगी यांनाही ती हवी.

३. चावताना हात हलला की ती उडते व दुसऱ्यास चावते. त्यामुळे एकाच घरातील अनेक माणसे पाठोपाठ आजारी पडतात.

४. ती सहसा फार दूर उडत नाही. म्हणून रोगी सापडला की भरलेले भांडे त्याच वस्तीत शोधावे.

५. ती सर्व अंडी एका ठिकाणी घालीत नाही. निरनिराळ्या भांड्यांत थोडी थोडी घालते. दहा भांडी घासून अकरावे विसरले तर श्रम वाया जातात.

६. अंडी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या ओल्या भिंतीस चिकटविलेली असतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात व पाणी लागताच फुटतात.

ही सहावी गोष्ट या पाठाचा गाभा होय. पाणी ओतले, पण रांजण घासला नाही, तर काम अर्धेच झाले. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारणपणे ७ ते १० दिवस लागतात; म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावयाचा. धूरफवारणीने उडणारे डास मरतात. भांड्यातील अळी व भिंतीवरील अंडी तशीच राहतात.

कृती

अळ्या असलेले पाणी काचेच्या बरणीत घेऊन तोंडास मलमलीचे फडके बांधावे. अळ्या श्वासासाठी पृष्ठभागाशी उलट्या लटकतात. बरणीवर टिचकी मारताच त्या वळवळत तळाशी जातात. हे मुलांनी पाहून चित्र काढावे. स्वल्पविरामाच्या आकाराचा पहिला कोष दिसताच बरणीतील पाणी कोरड्या, तापलेल्या जमिनीवर ओतावे. त्यापुढे विलंब करू नये.

नंतर शाळेतील सर्व भांड्यांची पाहणी करून तीन रकाने भरावेत : भांडे, झाकण आहे की नाही, अळी आहे की नाही. प्रथम शाळेची टाकी, मग मुलांची घरे. घरच्या तक्त्यावर कुटुंबाचे नाव लिहू नये.

शिक्षकांस सूचना

जेथे नळास रोज पाणी येत नाही, तेथे ‘पाणी फेकून द्या’ असे मुलाने सांगितले तर आई ते मानणार नाही. आणि तिचे म्हणणे रास्तच असते. तिला असे सांगावे : पाणी यावयाच्या दिवशी उरलेले पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे, रांजण आतून घासावा, फडके उन्हात वाळवावे व भरलेल्या रांजणाचे तोंड कापडाने घट्ट बांधावे. रिकामा करता न येणाऱ्या हौदात आरोग्य खात्याकडून गप्पी मासे आणून सोडावेत.

ताप, अंगदुखी, अंगावर पुरळ ही लक्षणे दिसल्यास मुलास आरोग्य केंद्रात न्यावे. डेंग्यूचा संशय असता ॲस्पिरिन देऊ नये. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

शास्त्रज्ञ नवे उपायही शोधीत आहेत. इंडोनेशियातील योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असलेले डास सोडल्यावर त्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी आढळला. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तो उपाय गावोगावी पोहोचेपर्यंत काथ्या व घासणी ही साधने प्रत्येक घरात आहेतच.

प्रश्न

१. पाणी ओतल्यावर रांजण घासणे का आवश्यक आहे?
२. कोरडा दिवस महिन्यातून एकदाच पाळला तर काय होईल?
३. आपल्या घरी पाण्याची भांडी किती? त्यांपैकी झाकलेली किती?