उद्यानसेवकांचीं शिक्षणसंमेलनें

शेतकी शिक्षण म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शाळा, कॉलेज किंवा प्रयोगक्षेत्रावर भरणारा मेळावा हींच उभीं राहतात. पैकीं पहिल्या दोहोंत वय उलटलेल्या कामकऱ्यास प्रवेश नाहीं, व तिसऱ्यांत तो गेलाच तर बहुधा ऐकण्यापुरता जातो. ज्यानें आयुष्यभर एकच काम हातानें केलें, त्यास त्या कामाचें पुढील ज्ञान कसें मिळावें, आणि त्याच्यापाशीं जें ज्ञान आहे तें दुसऱ्यास कसें पोंचावें, हा प्रश्न सर्वच धंद्यांत अवघड आहे. एका धंद्यानें तो बऱ्याच अंशीं सोडविला आहे. सार्वजनिक बागा, क्रीडांगणें व रस्त्यांवरील झाडें राखणाऱ्या नोकरांचा हा धंदा होय. शहरांतील बागवानांशीं शेतकऱ्याचें काय काम, असें कोणी विचारील. परंतु माती, पाणी, झाड, गवत व तें तुडविणारे पाय एवढेच ज्या धंद्याचे विषय, तो आपल्या धंद्याचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ खास आहे.

इंग्लंडांत माळ्यांनीं स्वतः शिकावें या गोष्टीचा पहिला मोठा पुरस्कर्ता म्हणजे जॉन क्लॉडियस लाउडन. त्यानें १८२६ सालीं माळ्यांकरितां मासिक काढलें व डर्बी शहरांत १८४० मध्यें लोकांस खुला झालेला वृक्षबाग आंखून दिला. मात्र मासिक वाचणें निराळें आणि चार समव्यवसायी माणसांपुढें उभें राहून आपलें काम सांगणें निराळें. ही दुसरी गोष्ट लंडनजवळ क्यू येथील वनस्पतिउद्यानांत घडली. सर जोसेफ हूकर तेथें संचालक असतांना, १८७१ सालीं, त्या बागेंतील तरुण माळ्यांची एक सभा निघाली. तिच्या नांवाचा अर्थ 'परस्परोन्नति मंडळ' असा होतो. हिवाळ्यांतील संध्याकाळीं एकत्र जमावें, कोणी एकानें आपल्या कामांतील विषयावर निबंध वाचावा, व बाकीच्यांनीं त्यावर प्रश्न विचारावे, अशी तिची रीत. ही सभा दीडशेंहून अधिक वर्षें चालत आली आहे.

या रीतींत एक मर्म आहे, व तें सहज दृष्टीआड होतें. निबंध वाचणारा हा पंडित नसून काल त्याच कुंड्यांना पाणी घालणारा गडी असतो. लिहावयास बसला म्हणजे 'पुष्कळ पाणी घातलें' या वाक्यापाशीं त्याची लेखणी अडते. कारण समोर बसणारा त्याचा सोबती 'पुष्कळ म्हणजे किती घागरी, व किती दिवसांनीं?' असें विचारल्यावांचून सोडणार नाहीं हें तो जाणून असतो. मग तो दुसऱ्या दिवशीं घागरी मोजतो. तज्ज्ञाच्या व्याख्यानास हजार माणसें बसलीं तरी त्यांतील एकही घरीं जाऊन घागरी मोजीत नाहीं, असा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. व्याख्यान नको असें आमचें म्हणणें नाहीं. पण व्याख्यानानें श्रोता शिकतो, तर निबंधानें वाचणारा व ऐकणारा दोघेही शिकतात.

क्यू सोडून देशोदेशीं गेलेल्या माळ्यांनीं १८९३ सालीं आपला संघ काढला व त्याचें वार्षिक सुरू केलें. त्याच वर्षीं, क्यू येथें काम केलेले गुस्ताव क्रुम्बीगल हे जर्मन गृहस्थ बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पदरीं बागांच्या कामावर आले. पुढें ते म्हैसूर संस्थानांत गेले, व बंगलोरची लालबाग त्यांच्या हातीं आली. १९१२ सालीं तेथें उद्यानविद्येची मंडळी स्थापन झाली आणि लालबागेंतील कांचगृहांत फुलांफळांचीं प्रदर्शनें भरूं लागलीं. त्यांच्यामागून लालबागेचे अधीक्षक झालेले जवराय व त्यांच्यानंतरचे मरीगौडा हे दोघेही क्यू येथें शिकून आलेले होते. पुण्याच्या एम्प्रेस बागेंत भरणारें पुष्पप्रदर्शन आपल्या परिचयाचें आहेच. तथापि प्रदर्शन व संमेलन यांत भेद केला पाहिजे. प्रदर्शनांत मनुष्य आपलें उत्तम फूल मांडतो, त्यामागें मेलेलीं नऊ रोपें मांडीत नाहीं. आणि शिकण्यासारखें बहुधा त्या नवांपाशींच असतें.

आतां अमेरिकेकडे वळूं. १८९८ सालीं बोस्टन येथें त्या प्रांतांतील उद्यान-अधीक्षकांनीं आपली संस्था स्थापिली. तीच पुढें वाढून अखिल देशाची झाली. हे लोक हिरवळ, झाडें व तळीं यांचे रक्षक. त्याच शहरांत १८८५ पासून दुसरी एक चळवळ लहान रूपानें चालू होती: गरीब वस्तींतील मुलांना खेळावयास जागा नव्हती, म्हणून वाळूचा ढीग टाकून त्यावर त्यांस खेळूं देण्यांत येत असे. या ढिगापासून क्रीडांगणें निघालीं, त्यांवर मुलांस खेळविणारे शिक्षक नेमले गेले, व १९०६ सालीं वॉशिंग्टन येथें ल्यूथर ग्यूलिक यांच्या अध्यक्षतेखालीं त्यांची संस्था झाली. दुसऱ्याच वर्षीं शिकागो येथें तिचें पहिलें मोठें संमेलन भरलें. मुलांना खेळवणें हाही शिकावयाचा धंदा आहे, हें त्या काळीं पुष्कळांस हास्यास्पद वाटलें असेल. पण थोड्याच वर्षांत त्या शिक्षकांसाठीं रीतसर अभ्यासक्रम तयार झाला.

येथें खरी अडचण उत्पन्न झाली. एका वर्गाचें काम गवत राखणें, दुसऱ्याचें काम त्याच गवतावर मुलें सोडणें. एकाच्या पाटीवर 'गवतावर चालूं नये', दुसऱ्याच्या पाटीवर 'या, खेळा'. दोघांचीं संमेलनें निराळीं, मासिकें निराळीं, आणि नगरपालिकेच्या तिजोरीवर मागणी मात्र दोघांची. हें द्वैत थोडेंथोडकें नाहीं, जवळजवळ साठ वर्षें टिकलें. १९६५ सालीं या दोन व आणखी कांहीं संस्था एकत्र होऊन उद्यानें व करमणूक यांची एकच राष्ट्रीय संस्था बनली. ज्या गांवीं गायरानावरून गुरें राखणारे व कुरण राखणारे यांच्यांत तंटे झाले आहेत, त्या गांवच्या वाचकांस या गोष्टीचें नवल वाटणार नाहीं. दोघांनाही तेंच गवत हवें असतें, फक्त निरनिराळ्या वेळीं.

एकत्र बसल्यावर निघणारा मार्ग शेतकऱ्याच्या ओळखीचाच आहे. ओली जमीन तुडविली कीं तिच्यांतील हवेच्या पोकळ्या दबतात, पाणी मुरत नाहीं, मुळें खोल जात नाहींत. मग गवत उन्हानें करपतें व लोक पावसाला दोष देतात. म्हणून चांगला मैदानराख्या पाऊस पडल्यावर वाफसा येईपर्यंत मैदान बंद ठेवतो, खेळाची जागा पाळीपाळीनें बदलतो, आणि घट्ट झालेल्या भुईंतून पोकळ दातांच्या यंत्रानें मातीच्या लहान कांड्या उपटून काढतो, जेणेंकरून हवा व पाणी आंत शिरावें. वाफशापूर्वी औत घालूं नये हें आपणांस कोणी शिकवावयास नको. पण आपल्याच गांवच्या शाळेचें पटांगण अगर गायरान या नियमांतून वगळलेलें आहे, असें आपण कां समजतों, हें मात्र कळत नाहीं.

या सर्व संमेलनांत शेतकऱ्यास सर्वांत उपयोगी पडणारें म्हणजे झाडें राखणाऱ्यांचें. १९२४ सालीं अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत स्टॅमफर्ड येथें छायावृक्षांची निगा करणारे थोडे लोक जमले, व तेव्हांपासून ही परंपरा चालू होऊन तिची आज आंतरराष्ट्रीय संस्था झाली आहे. लवकरच त्यांच्यावर मोठें संकट आलें. १९३० सालीं ओहायो प्रांतांत एल्म वृक्षांचा बुरशीचा रोग प्रथम आढळला. एल्म म्हणजे त्यांच्या रस्त्यांचा वड म्हणावा असें झाड. हा रोग सालींत पोखरणाऱ्या किड्याबरोबर उडत जातो, इतकेंच नव्हे तर शेजारच्या दोन झाडांचीं मुळें जमिनींत एकमेकांस चिकटून एकजीव झालेलीं असतात, त्या वाटेनेंही पसरतो. एका शहरानें मेलेलीं झाडें वेळेवर तोडून नाहींशीं केलीं आणि शेजारच्यानें तशींच उभीं ठेविलीं, तर पहिल्याचा खर्च पुष्कळसा फुकट जातो. अशा वेळीं शेजाऱ्यांनीं एकत्र बसणें ही हौस राहत नाहीं. संत्र्याच्या किंवा डाळिंबाच्या मुलखांतील बागाईतदारांस याहून अधिक सांगणें नको.

या वृक्षसेवकांच्या संमेलनांतून पसरलेला एक धडा येथें सविस्तर देतों. अलेक्स शायगो हे अमेरिकन वनखात्यांतील संशोधक. पूर्वीं झाडांतील कूज अभ्यासावयाची म्हणजे खोड आडवें कापून पाहत. शायगो यांनीं यांत्रिक करवतीनें हजारों झाडें उभीं चिरलीं, व जुनी जखम आंत कोणत्या वाटेनें गेली हें वर्षावर्षाच्या वलयांवरून पाहिलें. त्यांस असें दिसलें कीं झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाहीं. दुखावलेलें लांकूड झाड पुन्हां नवें करीत नाहीं; तें त्याच्याभोंवतीं कोट उभारून त्याला कोंडून टाकतें, व पुढील वाढ त्या कोटाबाहेर करितें. हें तत्त्व त्यांनीं १९७७ सालीं मांडलें. ते केवळ पुस्तकें लिहून थांबले नाहींत. करवत घेऊन झाडकाप्यांपुढें प्रत्यक्ष झाडें चिरून दाखवीत. तोंपर्यंत चांगल्या माळ्याची खूण म्हणजे फांदी खोडाशीं अगदीं सपाट कापून वर रंग किंवा डांबर फांसणें ही होती. चिरलेल्या खोडांनीं दाखविलें कीं याच सपाट कापानें कूज खोडांत शिरते, आणि रंगानें ती थांबत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्यांचा हातखंडा चुकीचा ठरला ही गोष्ट छापील कागदावरून कोणी मानली नसती. पण स्वतः कापलेल्या फांदीची जागा उभी चिरून समोर ठेविल्यावर वादास जागा उरेना.

नीट पाहिलें असतां प्रत्येक फांदीच्या बुडाशीं, ती खोडास मिळते तेथें, सालीचा किंचित् फुगीर वेढा दिसतो. कोट उभारण्याची शक्ति या वेढ्यांत आहे. म्हणून काप या फुगवट्याच्या लगेच बाहेर घ्यावा. फुगवटा कापूं नये, व बाहेर खुंटही ठेवूं नये. फांदी जड असल्यास खोडापासून सुमारें एक फूट अंतरावर प्रथम खालून पाव ते तिसरा हिस्सा जाडी करवतावी, मग त्याच्या थोडें पलीकडे वरून कापावें. म्हणजे फांदी पडतांना साल सोलून नेत नाहीं. उरलेला खुंट शेवटीं फुगवट्याबाहेर काढावा. कुऱ्हाडीनें हें काम होत नाहीं, करवतच पाहिजे. संत्र्यावरील डिंक्या किंवा तत्सम रोगावर बोर्डो मलम लावतात ती गोष्ट वेगळी. तें विशिष्ट बुरशीवरील औषध आहे व कृषि विद्यापीठांच्या शिफारशीप्रमाणें तें लावावेंच. डांबराचा लेप हा निव्वळ मनाचें समाधान आहे.

झाडावर चढणाऱ्यांची एक शर्यतही या लोकांत १९७६ पासून भरते. तिच्यांत कोण लवकर चढतो एवढेंच पाहत नाहींत. वर दुखापत होऊन अडकलेल्या सोबत्यास दोरानें सुखरूप खालीं आणण्याचीही परीक्षा असते. आपल्या कोंकणपट्टींत नारळ-पोफळीवर चढणारा मनुष्य घसरला तर खालीं उभा असलेला मालक काय करील, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

या सर्वांत एक गोष्ट आपल्याहून ठळकपणें निराळी आहे. या संमेलनांस करवत चालविणारा स्वतः जातो, व पुष्कळ ठिकाणीं त्याचा त्या दिवसाचा पगार नगरपालिका देते. आपल्या मंडळींच्या सभांस मालक येतात, सतरंजीवर बसतात, ऐकतात. आंब्याच्या फांदीवर कुऱ्हाड घालणारा सालदार त्या वेळीं शेतांत असतो. मालकानें घरीं जाऊन त्यास सांगावें असा आपला समज. परंतु फुगवटा कोठें संपतो हें तोंडानें सांगून कळण्यासारखें नाहीं. शिवाय सालदारास एखादें झाड कां वाळलें हें मालकापेक्षां अधिक ठाऊक असतें, व तें त्यास आजवर कोणी चारचौघांत विचारलेलें नसतें. तेव्हां उन्हाळ्यांत कामें हलकीं असतां एका शेतावर दहा-पंधरा खातेदारांनीं आपापल्या सालदारास घेऊन जमावें. त्या दिवसाची मजुरी भरावी, जेवण एका पंगतीस असावें. व्याख्यान ठेवूं नये. पाळीनें एकानें सांगावें: मी अमुक केलें, इतकें पाणी, इतका खर्च, व हें फसलें. कोणास लिहितां येत नसल्यास शाळेंतील मुलानें टिपून घ्यावें.

वळवाच्या वादळांत बांधावरचीं जुनीं झाडें दरवर्षीं पडतातच. ज्यांच्या शेतांत असें एखादें आंब्याचें अथवा चिंचेचें झाड पडेल, त्यांनीं तें सरपणासाठीं लगेच फोडूं नये. खोड सावलींत ठेवावें, शेजाऱ्यांस निरोप पाठवावा, आणि करवतवाल्यास बोलावून पूर्वीं जेथें फांदी तोडली होती तेवढा भाग उभा चिरून घ्यावा. ती फांदी ज्यानें तोडली होती तो गडी गांवांत असेल, तर त्यास पुढें बसवावें.