कादंबरीतील प्रसंगांची जुळणी

कादंबरी लिहावयास बसलेला नवोदित लेखक बहुधा प्रथम घटनांची यादी करतो आणि त्याच क्रमाने प्रकरणे पाडीत जातो. घटना आणि प्रसंग यांतील भेद ध्यानात न घेतल्याचा हा परिणाम होय. घटना काळाच्या ओघात घडते. प्रसंग वाचकाच्या डोळ्यांसमोर घडतो. एका विशिष्ट स्थळी कोणी काही इच्छितो, दुसरा त्याच्या आड येतो आणि अखेरीस परिस्थिती पहिल्यासारखी राहत नाही, तेव्हा प्रसंग सिद्ध होतो. जेथे असा पालट होत नाही, तेथे दोन ओळींचे निवेदन पुरे.

बंगळूरचे कन्नड लेखक विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ (२०१३) ही लघुकादंबरी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तिच्यातील घटना काळक्रमाने मांडल्या तर कथा साधी दिसते. बंगळूरमधील एक कुटुंब, वडील चहाचे फिरते विक्रेते, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्या असलेले लहानसे घर आणि त्यात मुंग्यांचा सुळसुळाट. पुढे वडिलांची नोकरी सुटते. धाकटा काका, म्हणजे चिक्कप्पा, मसाल्याचा व्यवसाय काढतो. पैसा येतो, मोठे घर होते. निवेदकाचा विवाह होतो आणि पत्नी अनिता व सासरची मंडळी यांच्यात खटके उडू लागतात.

शानभाग मात्र या क्रमाने सांगत नाहीत. आरंभी निवेदक कॉफी हाऊसमध्ये अस्वस्थ बसलेला दिसतो. अस्वस्थतेचे कारण तो सांगत नाही. लवकरच एक स्त्री चिक्कप्पासाठी मसुरीची आमटी घेऊन दाराशी आल्याचा प्रसंग येतो. घरातील बायका तिला अपमान करून हाकलून देतात. चिक्कप्पा आत बसून राहतो. जुन्या घरातील दारिद्र्य आणि मुंग्यांशी चाललेले युद्ध यांची हकिगत त्यानंतर येते.

दारिद्र्य आधी आले असते, तर वाचकाने घरातील क्रौर्याला आपसूक सबब शोधून दिली असती. येथे तो क्रौर्य आधी पाहतो, मग त्याच कुटुंबावर लोभ करू लागतो. मुंग्या चिरडण्याच्या हकिगतीला तो हसतोही. अखेरीस माहेरी गेलेल्या अनितेची वाट पाहणाऱ्या निवेदकाच्या मनात शंका दाटते, तेव्हा वाचकाला त्या मुंग्या वेगळ्याच अर्थाने आठवतात. तिचे काय झाले, हे लेखक सांगत नाही. केवळ क्रमाच्या बळावर वाचकही त्या घराच्या मौनात सामील झालेला असतो.

अशी जुळणी साधण्यास एक सोपी रीत आहे. प्रत्येक प्रसंगासाठी एक कोरा पत्ता घ्यावा आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: स्थळ, माणसे, कोणाची कोणती इच्छा, आणि शेवटी झालेला पालट. चौथी ओळ रिकामी राहिल्यास तो पत्ता बाजूला ठेवावा. उरलेले पत्ते प्रथम काळक्रमाने मांडून त्यांवर पेन्सिलीने आकडे घालावेत, म्हणजे पुढे कितीही हलविले तरी मूळ काळ हरवत नाही. मग प्रत्येक पत्त्यापाशी दोन प्रश्न विचारावेत. येथे पोहोचेपर्यंत वाचकास काय ठाऊक आहे? यानंतर त्यास कशाची भीती वा आशा वाटेल? शेजारचे दोन पत्ते अदलाबदल करून पाहावेत. काहीच बिघडले नाही, तर त्यांतील एक अनावश्यक तरी आहे किंवा दोहोंतील दुवा कच्चा आहे.

मात्र क्रम मोडावयाचा तर वाचकास परतण्याजोगे एक स्थिर ठिकाण द्यावे लागते. शानभागांनी कॉफी हाऊसमधील टेबलाची योजना केली ती याचसाठी. असे ठिकाण नसेल, तर पत्त्यांची उलथापालथ केवळ कोडे होऊन बसते, आणि कोडे सुटताच वाचकाचा कुटुंबाशी जडलेला संबंधही सुटतो. म्हणून पत्ते हलविण्यापूर्वी लेखकाने स्वतःशी ठरवावे की, वाचकाने प्रथम कोणावर विश्वास ठेवावा आणि तो विश्वास कोणत्या पत्त्यापाशी डळमळावा. हे ठरले म्हणजे इतर पत्त्यांच्या जागा ठरविणे पुष्कळ सुकर होते.